बर्फाचं भाषण

भिलाईच्या सेक्टर 10 मधल्या आमच्या क्वार्टरांच्या लाईनीत एक हिरोईन राहायची. तेव्हा ती हिरोईन नव्हती. फ्रॉकचा हूक तुटलेली, सदा सर्दी झालेली माझी मैत्रीण होती. पण पुढे ती टीव्हीवर दिसायला लागली आणि सगळ्या लाईनीला एकदम आठवलं, की ती पाळण्यात असल्यापासूनच हिरोईन होती. कोपऱ्यावरच्या तेलुगू मास्तरांना वाटायचं, तिला संवाद बोलायला त्यांनी शिकवलं. समोरच्या बंगाली बाई म्हणायच्या, नाच आमच्याकडून शिकली. मला मात्र ती लपाछपीत रडीचा डाव खेळायची एवढंच आठवतं.

तिचं घर आमच्या भिंतीला भिंत लागून. तिची आई म्हणजे आमच्या काकू, आणि माझी आई तिची काकू. माझी आई त्यांना वैनी म्हणायची. दोघी पूर्व विदर्भातल्या, दोघींचे नवरे स्टील प्लांटमध्ये. आमचे बाबा ऑफिसात क्लार्क, तिचे बाबा कोक ओव्हनच्या भट्टीवर. मागच्या अंगणांमधली भिंत कमरेएवढी होती आणि तिच्यावरून दिवसभर वाट्यांची ये-जा चाले. वाटी रिकामी परत द्यायची नाही, असा दोघींचा कायदा. त्यामुळे एकदा सुरू झालेली वाटी कधी थांबायचीच नाही. आमच्याकडून भरडा गेला की तिकडून लोणचं यायचं, लोणच्याच्या वाटीतून इकडून शेंगदाण्याची चटणी जायची. माझं सगळं बालपण मला त्या भिंतीवर ठेवलेलं दिसतं.

लाईनीत पहिला फ्रिज आमच्याकडे आला. पुढे बरीच वर्षं तो एकटाच होता. त्याच्यावर क्रोशाचं कापड, वर प्लॅस्टिकची फुलं, आणि बर्फाच्या ट्रेवर सगळ्या लाईनीचा हक्क. भिलाईतला मे महिना ज्यांनी काढलाय त्यांना बर्फाची किंमत सांगायला नको. फर्स्ट शिफ्ट सुटायच्या आधी ती हिरोईन रोज पितळी गंजी, म्हणजे पातेलं, घेऊन आमच्या दारात उभी राहायची. आई ट्रे नळाखाली धरून बर्फ मोकळा करायची, गंजीत टाकायची, आणि एक तुकडा आम्हा दोघींच्या तोंडात. तो गालात धरून आम्ही बोलायचा प्रयत्न करायचो आणि हसून हसून पाणी सांडायचो.

ती मोठी झाली, रायपूरच्या नाटकांतून मुंबईला गेली, आणि मग ती मालिका आली. तीत ती सासरी छळ सोसणारी सून. संध्याकाळी सगळी लाईन काकूंच्या खोलीत जमायची. काकूंना आपल्या पोरीचं रडणं बघवायचं नाही. त्या स्वयंपाकघरात जाऊन उगीच भांडी वाजवत बसायच्या आणि आई बाहेरून ओरडून सांगायची, "या वो वैनी, आता नाई रडून राहिली, आता जेवून राहिली!" महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत तिनं एकदा आरती केली, तिचा फोटो मंडळाच्या हॉलात लागला. आमच्या भागातल्या कुठल्याही लग्नात ओळख करून देताना लोक आधी तिचं नाव घेत, मग स्वतःचं.

मग निवडणूक आली आणि ती प्रचाराला आली. पक्ष कोणता ते मी सांगणार नाही. सांगितला तर तुम्ही काकूंना विसरून पक्षावर भांडत बसाल, तेव्हाही लोकांनी तेच केलं.

सभेला आम्ही पुढच्या खुर्च्यांवर. आईनं सांबारवडीचा डबा नेला होता. हिवाळ्याच्या तोंडाला बाजारात नवा सांबार, म्हणजे कोथिंबीर, आला की ती वडी करायची आणि ती हिरोईनला जिवापाड आवडायची. काकूंचं गुडघ्याचं दुखणं तेव्हा सुरू झालं होतं, पण त्या दिवशी त्या नवी कोसा साडी नेसून तरातरा चालत होत्या. स्टेजवर ती आली, हात हलवला, शिट्ट्या झाल्या. ती छान बोलली, खरंच छान. आणि शेवटी आवाज खाली आणून म्हणाली, "इसी भिलाई में एक बच्ची बर्फ माँगने निकलती थी, और दरवाज़ा उसके मुँह पर बंद हो जाता था. वो बच्ची मैं हूँ." मग पुढे असं काहीतरी, की आता ती बंद दारं आपल्याला मतांनी उघडायची आहेत.

टाळ्यांचा कडकडाट झाला. मी आईकडे बघितलं. लाईनीत फ्रिज एकच, त्यामुळे दार कोणाचं हे कळायला ज्योतिषी लागत नव्हता. आईच्या मांडीवरचा डबा तसाच राहिला, तो आम्ही न उघडता घरी आणला.

दुसऱ्या दिवशी ते भाषण सगळ्यांच्या मोबाईलवर होतं. मी तेव्हा रायपूरच्या बँकेत कामाला जायचे, बसनं. वाटेतल्या कुम्हारीपर्यंत बसमध्ये दोन पक्ष पडले होते. एक म्हणे, पोरीनं हिंमत केली, गरिबाचं दुःख बोलली. दुसरा म्हणे, एवढे पैसे घेतले की कोणीही बोलेल. मागच्या सीटवरचा एक म्हातारा सगळ्यांना गप्प करत म्हणाला, "टीवी म रोथे, इहाँ घलो रोवत हे." तिकडंही रडते, इकडंही रडते. अख्खी बस हसली. मी पण हसले, आणि मग मला तिचंच वाईट वाटलं.

लाईनीतली तऱ्हा याहून वाईट होती. ज्यांना तो पक्ष आवडायचा, त्यांच्या लेखी माझी आई खलनायिका झाली. भाजीवाली सुद्धा मेथी तोलता तोलता विचारायची, "चाची, वो दरवाज़ा आपका था क्या?" ज्यांना तो पक्ष नको होता, ते हिरोईनला खोटारडी म्हणत काकूंच्या फाटकापुढून मुद्दाम मोठ्यानं बोलत जायचे. मंडळानं भिंतीला रंग द्यायचा आहे असं सांगून तिचा फोटो उतरवला. रंग काही लागला नाही. ज्या माणसांनी तिच्यासोबत फोटो काढायला एकमेकांना कोपरं मारली होती, तीच आता सांगायला लागली, की आम्हाला तर ती आधीपासूनच आगाऊ वाटायची. लोकांच्या या कोलांटउड्या बघून मला जी चीड यायची, ती अजून गेलेली नाही.

पण आईला ना पक्षाशी देणंघेणं होतं, ना मंडळाशी. तिला एकच गोष्ट लागली होती. ती भिंतीपाशी गेली. काकू कपडे वाळत घालत होत्या.

"वैनी, तुमाले त माहीत हाये. मी कदी दार लावलं का तिच्या तोंडावर? एकदा तरी?"

काकूंनी बादलीतलं लुगडं उचललं आणि पिळायला लागल्या.

"मंग लोकायले सांगा ना. येवढं एकच वाक्य सांगा, का बा या घरातून बर्फ भेटत होता. मले दुसरं काई नको."

काकूंनी हातातलं लुगडं तसंच ओलं बादलीत टाकलं, आत गेल्या आणि कडी लावली. आई किती तरी वेळ तिथंच उभी होती. त्या दिवसापासून भिंतीवर वाटी आली नाही. आमच्याकडे त्यांची एक वाटी राहिली होती, ती आईनं घासून, कोरडी करून, फडताळात मागे ठेवून दिली.

मी हिरोईनला मेसेज केला. तिकडून हात जोडलेलं चित्र आलं, बाकी काही नाही. आई रात्रीचं जेवण निम्मं ठेवायला लागली. एकदा भाकरी थापता थापता म्हणाली, "चाळीस वर्साची सोबत, अन् एका भाषनात गेली पाय." मी म्हटलं, जाऊ दे गं, निवडणूक झाली की लोक विसरतील. तर माझ्यावरच खेकसली, "लोकायचं कोन बोलून राहिलं तुले?"

मतदानाचा दिवस उजाडला. या दोघींचा एक रिवाज होता. मतदानाला जायचं ते जोडीनं. कडक इस्त्रीच्या सुती साड्या, वेणीत आपापल्या अंगणातलं फूल, आणि येताना कोपऱ्यावर पोहे-जिलेबी. मत कोणाला दिलं ते मात्र एकीनं दुसरीला कधी सांगितलं नाही. बाबा चिडवायचे, की या दोघी एकमेकींची मतं पाडायलाच जोडीनं जातात.

त्या दिवशी आई सकाळीच तयार होऊन दाराशी बसली. बोलवायला जायची नाही आणि उठायचीही नाही. काकूंचं फाटक वाजलं. त्या काठी टेकत एकट्याच निघाल्या. आईनं त्यांना जरा पुढे जाऊ दिलं आणि मग मागून निघाली. मी तिच्या मागे. काकू दम घ्यायला थांबल्या की आईही थांबायची, बाजूच्या गुलमोहोराकडे बघत. शाळेपर्यंत अशी आमची वरात. मला हसू येत होतं आणि रडूही.

बायकांच्या रांगेत काकू पुढे, त्यांच्या मागे आई, मग मी. रांग मुंगीच्या गतीनं चालली होती. बराच वेळ काकू पाठमोऱ्याच होत्या. मग मान न वळवता, हळू आवाजात त्या बोलायला लागल्या.

"ते दार माहं होतं, बाई."

आईला काही कळलं नाही. मलाही नाही.

"तिले लाज वाटे बर्फ मांगाची. मोठी होऊन राहिली होती ना. एक दिवस मनली, मी नाई जात, रोज रोज कावून मांगाचं? अन् हे भट्टीवरून येनार. थंडं पानी नाई भेटलं त घरात कसं होये, तुले आयकू येतच होतं भिंतीतून. म्या तिले भाईर काढलं. गंजी हातात देल्ली अन् मनलं, बर्फ आन, तवाच घरात ये. दार लावून घेतलं."

"मंग? ती त आली नाई माह्याकडे," आई म्हणाली.

"नाई आली. तुह्याकडे बी नाई आली, कुठंच नाई गेली. उन्हात उभी राहिली, दाराकडे तोंड करून. ते ड्युटीवरून आले तवा म्या दार उघडलं."

आईनं तोंडावर पदर घेतला. "त्याच दिवशी ऊन लागलं होतं तिले? म्या कांदा लावला होता पायाले."

"हाव. तूच लावला. अन् मी तुले सांगतलं, खेळत होती मून लागलं." काकूंनी काठी दुसऱ्या हातात घेतली. "ती सभेत मनून गेली, बोलता बोलता. रात्री फोनवर मले मने, आई, लोकं मनतात कोनाचं दार, सांगू का? म्या मनलं, सांगजो मा. पन माह्या मरनाच्या मांगून सांगजो. तू भिंतीपाशी आली होती त्या दिवशी, मले तोंड दाखवाची सोय नव्हती, बाई. मानसानं कोन्या तोंडानं सांगाव, का मी माह्याच लेकराले..."

रांग सरकली. आतल्या बाईंनी काकूंचं नाव पुकारलं, बोटाला शाई लागली, त्या आत गेल्या. मग आई गेली, मग मी. मी कोणाला मत दिलं ते मला खरंच आठवत नाही.

बाहेर आले तर दोघी शाळेच्या पायरीवर बसलेल्या. आईनं काकूंची काठी स्वतःच्या मांडीवर घेतली होती. ती म्हणाली, "वैनी, तिले फोन करा. मना, काकूनं सांगतलं, काई बोलू नको. लोकं माह्यावर घेऊन राहिले त घेऊ दे."

"असं कसं वो?"

"माहं काय जाते? मी त देतच होती बर्फ. मले माहीत हाये, तुमाले माहीत हाये." मग काठी काकूंच्या हातात देत, "अन् तुमच्या घरचे बी काई वाईट नव्हते. भट्टीच तशी होती."

काकू तिथं भर पायरीवर रडल्या. मतदानाला आलेल्या बायका बघत होत्या आणि आपापले अंदाज लावत होत्या.

ते वाटीचं आंबट-गोड राज्य पुन्हा सुरू झालं आणि काकू होत्या तोवर चाललं. निवडणुकीचं लोक विसरले, पुढच्या निवडणुकीत दुसऱ्या कोणी नटानं दुसरं काही बोलून ठेवलं, लोक त्याच्यामागे लागले. आता लाईनीत अर्धी क्वार्टरं नव्या माणसांची आहेत, मागची भिंत कोणीतरी वाढवून घेतली आहे. फ्रिज घरटी एक आणि उन्हाळ्यात दारं सगळ्यांची बंद, एसी लागतात म्हणून. मला ती लाईन फार आठवते. तिथल्या माणसांचं एकमेकांच्या घरात नाक खुपसणं सुद्धा आठवतं.

काकू गेल्या तेव्हा हिरोईन मुंबईहून आली. काळा चष्मा काढून ठेवलेली, बिनामेकअपची, सर्दी झालेली. बैठकीच्या खोलीत बायका बसल्या होत्या. तिला बघायलाच आलेल्या पुष्कळ. त्यांतल्या एकीला राहवलं नाही. आईकडे तिरका डोळा करून ती म्हणाली, "बिचारीनं लहानपणी किती सोसलं. बर्फासाठी लोकं दार लावून घेत होते म्हणे."

हिरोईननं मान वर केली. तिचे ओठ हलले. आता तिला सांगायला मोकळीक होती, काकू गेल्या होत्या.

आई तिच्या आधी बोलली. "आमचंच होतं ते दार," म्हणाली, ठसठशीत, साऱ्या खोलीला ऐकू जाईल असं. "माह्यावालं. चुकलंच माहं."

इतकी वर्षं ती पोरगी टीव्हीवर रडली, पण हे तसलं रडणं नव्हतं. तोंड वेडंवाकडं करून, नाक गळत, ती सरकत सरकत आली आणि तिनं आईच्या मांडीत डोकं घातलं. त्या बाईला वाटलं, जुनी जखम उघडी पडली. आईनं तिला तसंच वाटू दिलं.