एकाच नावाची दोन कार्डं

लग्नात सासरच्यांनी माझं नाव बदललं. माझं माहेरचं नाव थोरल्या जाऊबाईंचंही होतं आणि एका घरात एका नावाच्या दोघी नकोत. नवं ठेवलं ते नाव आमच्या दापोडीच्या गल्लीतल्या दुसऱ्या एका सुनेचंही होतं. आडनावही एकच. दोघींचे मालक पिंपरीच्या एकाच कंपनीत कामाला.

कंपनीच्या दवाखान्यात बायकांची कार्डं नावाप्रमाणे लाकडी खणात लावलेली असत. खिडकीशी आम्ही आपलं नाव, आडनाव सांगायचो. नवऱ्याचं नाव कोणी घेत नसे. त्यामुळे त्या नावाचं हाताला लागेल ते कार्ड निघायचं.

एकदा गल्लीतली ती दुसरी सून तापाने फणफणली. मी तिला घेऊन गेले. पेनिसिलिन तिला सोसत नव्हतं. आदल्या वर्षी त्या इंजेक्शनाने श्वास कोंडून जिवावर बेतलं होतं. तिच्या कार्डावर तसं लाल शाईने लिहिलं होतं. नर्सबाईंच्या हातातल्या कार्डावर लाल काहीच नव्हतं. ते माझं कार्ड होतं, आणि सुई भरून झाली होती. ती तर ग्लानीतच होती.

"बाई, हे कार्ड तिचं नाही. माझं आहे."

"कशावरून? नवऱ्याचं नाव काय तुमच्या?"

रांगेत पुरुष उभे होते, त्यात शेजारचेही. मी खाली बघत मालकांचं नाव घेतलं.

"वैनी, उखाणा राहिला की!" मागून कोणीतरी म्हणालं. सगळे हसले. नर्सबाईंनी कार्डावरचं नवऱ्याचं नाव पाहिलं, सुई खाली ठेवली आणि खणातून दुसरं कार्ड शोधून काढलं.

पुढे दवाखान्याच्या कंपाउंडरने नवऱ्याच्या कंपनीतल्या टोकन नंबराचे कप्पे केले. एका नंबराला एक कप्पा, त्यात एकच कार्ड मावेल एवढा. नंबर सांगायला कुणालाच लाज वाटत नसे. नंबर विसरणाऱ्यांसाठी नावाची यादी ठेवली. तीत एका नावापुढे दोन-तीन नंबर असले तर तो वय, मुलंबाळं विचारून खात्री करायचा.

त्या दिवशी मात्र बातमी माझ्याआधी घरी पोचली होती.

"चारचौघांत नवऱ्याचं नाव घेतलंस व्हय गं?" सासूबाई म्हणाल्या. त्यांनी माझ्याशी बोलणं टाकलं.

बरी झाल्यावर ती आमच्या दारात आली.

"आत्याबाई, ही बोलली नसती तर मी आज हितं उभी नसते."

सासूबाईंनी तिला खालपासून वर न्याहाळलं.

"मग उभी का? बस." आणि माझ्याकडे वळून म्हणाल्या, "च्या टाक. तुझाबी टाक."