घसा सगळ्यात शेवटी

लहान मुलाला तपासताना घसा सगळ्यात शेवटी बघायचा, हे बालरोगाच्या शिक्षणात अगदी पहिल्या आठवड्यात सांगतात. मी ते मन लावून शिकलो, माझ्या मागून आलेल्यांना शिकवलंसुद्धा, आणि पदव्युत्तर परीक्षेच्या दिवशी, परीक्षक दाराशी उभे असताना, समोरच्या लेकराच्या तोंडात सगळ्यात आधी लाकडी पट्टी घातली.

का घातली, हे मला आजही सांगता येत नाही. हातात होती म्हणून घातली. लेकरानं आधी माझ्या एप्रनवर उलटी केली, मग टाहो फोडला, आणि तो टाहो माझी वेळ संपेपर्यंत थांबला नाही. त्याच्या हृदयात एक बारीकसा जास्तीचा आवाज होता म्हणे. असणारच, परीक्षेला तेवढ्यासाठीच त्याला ठेवलं होतं. पण किंचाळणाऱ्या छातीला नळी लावली की किंचाळणंच ऐकू येतं. परीक्षकांनी विचारलं, "काय ऐकलंत?" मी म्हणालो, "रडणं, सर."

उत्तर खरं होतं. मी नापास झालो.

नव्या शतकाची पहिली काही वर्षं होती. मी प्राथमिक आरोग्य केंद्रातला डॉक्टर, नोकरीतून शहरात शिकायला गेलेला. सडक अर्जुनीला, हायवेपासून जरा आत, आमचं भाड्याचं घर होतं. जड ट्रक गेला की मांडणीवरची भांडी वाजायची. बायको जवळच्या गावात जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिलीचा वर्ग घ्यायची. मी गेल्यापासून शाळा, घर आणि आमची तीन वर्षांची मुलगी, सगळं एकटीनं ओढत होती. आता पुढची परीक्षा सहा महिन्यांनी, तोवर मी घरी. लेखी आणि प्रात्यक्षिक, दोन्ही पुन्हा. लेखीचं मला भय नव्हतं. कागद रडत नाही. भय प्रात्यक्षिकाचं. या वेळीही परीक्षा गेली, तर पुन्हा बसायचं नाही, मुकाट्यानं केंद्रावर जाऊन बसायचं, असं मी मनाशी ठरवून टाकलं होतं. बोललो कोणाशीच नाही.

शेजारच्या काकू मात्र बोलायच्या. अंगणात धान वाळत घालता घालता त्यांनी पहिल्याच दिवशी हाक मारली. "काय जी डॉक्टर, झाले का लेकराचे डॉक्टर?"

"होऊन राहिलो, काकू."

"बाप्पा! अजून होऊनच राहिले?"

मी अभ्यास सुरू केला, म्हणजे दिसेल ते लेकरू तपासायला लागलो. हे प्रात्यक्षिक असं असतं : एक आजारी मूल आणि त्याची आई तुमच्या स्वाधीन करतात. तासाभरात आईला विचारून आजाराची हकीकत काढायची, मुलाला डोक्यापासून पायापर्यंत तपासायचं, आणि मग परीक्षकांसमोर उभं राहून सगळं इंग्रजीत मांडायचं. त्यासाठी माझ्या पिशवीत मोजायची टेप, गुडघ्यावर मारायची हातोडी, टॉर्च, आणि मुलांची नजर, कान, हात पारखायला लाल लोकरीचा गोळा, खुळखुळा आणि लाकडी ठोकळे असायचे. खुळखुळा पहिल्याच दिवशी मुलीनं जप्त केला. पुढं तो हवा असला की मला तिची परवानगी घ्यावी लागायची, आणि ती सहसा मिळायची नाही.

आळीतली पोरं मला ओळखायला लागली, पण नको तशी. मी टेप काढली की पळायची. मी पिशवी उचलली की पळायची. शेवटी शेवटी मी नुसता दारात आलो तरी गल्ली रिकामी व्हायची. काकू म्हणाल्या, "डॉक्टर, तुम्ही रोज सकाळी असेच उभे राहा जी. माह्या धानाले पोट्टे तुडवत नाहीत."

मी हसलो, पण आतून गार पडत होतो. अक्षरशः गार. भीती माझ्या हातांत उतरायची. उन्हाळ्यातसुद्धा बोटं बर्फासारखी. तसले हात उघड्या पोटावर ठेवले की शांत लेकरूही दचकायचं. ते दचकलं की मी त्याहून जास्त. कित्येकदा वाटायचं, आपणच त्याच्या आईच्या पाठीमागं जाऊन लपावं.

एका रविवारी मी मुलीला खाटेवर बसवून तिचं पोट तपासत होतो. ती ओरडायला लागली. बायको स्वयंपाकघराच्या दारात कणकेच्या हातांनी उभी राहून बघत होती.

"तुम्ही लेकरावर तुटून काऊन पडता जी?"

"तुटून कुठं पडतो? तपासतोय."

"आल्याबरोबर अंगावर जाता. सख्खी पोरगी भिऊन राहिली. परकं लेकरू काय करंल?"

"मग काय करू? तासाभराची वेळ असते."

"माह्या वर्गात नवीन पोरगं आलं, रडून राहिलं, तर मी त्याच्याकडं पाहतच नाही. खाली बसते, आपलं काहीतरी करत राहते. त्यालेच मग राहवत नाही. येते जवळ."

"आणि नाही आलं तर?"

"येते," ती म्हणाली आणि आत गेली. तिच्या आवाजात शंकेला जागाच नव्हती. मला मात्र शंकेशिवाय दुसरं काही सुचत नव्हतं.

पुढच्या आठवड्यापासून शाळा सुटली की मी तिच्या शाळेच्या व्हरांड्यात जाऊन बसायला लागलो. धानाची रोवणी चालली होती. आया चिखलानं भरलेल्या पायांनी बांधावरून थेट पोरांना न्यायला यायच्या. बायको त्यांना सांगायची, "आमच्या साहेबाले परीक्षा आहे. जरा पोराले पाहू द्या, सुई नाही टोचणार." कोणी हसून थांबायच्या, कोणी "आज नाही जी बाई" म्हणून निघून जायच्या. थांबलेल्यांची पोरं आईच्या पदराआडून मला बघायची. मी त्यांच्याकडं अर्धी पाठ करून फरशीवर बसायचो आणि ठोकळ्यावर ठोकळा रचायचो. नोकरीत पंचाण्णव टक्के वेळ हातात सुई असलेला माणूस मी. गुडघे दुमडून मनोरे रचताना आधी फार लाज वाटली. हेडमास्तर एकदा येऊन बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "साहेब, पहिलीत नाव टाकू का?"

पण पोरं यायची. काही लवकर यायची, काही रडवायला आणल्यासारखी दूर राहायची. आलेलं मूल आईच्या मांडीवरच ठेवून, आईशी बोलत बोलत, आधी नुसतं बघायचं. श्वास, रंग, पोटाचा आकार. मग नळी आधी आईच्या हाताला, मग त्याच्या छातीला. मग हात चोळून पोट, त्यात यकृत आणि तिल्ली, म्हणजे प्लीहा. जे नकोसं, ते मागं मागं ढकलायचं. कान, आणि घसा सगळ्यात शेवटी. हे सगळं मला माहीत होतं. माझ्या हातांना माहीत नव्हतं, एवढंच.

घरी आल्यावर दुसरा पाठ. बायको भाजी चिरायला बसायची आणि मी समोर उभा राहून त्या दिवशीचं मूल मांडायचो. इंग्रजीत. तिला त्यातलं औषधपाणी कळायचं नाही, कळून घ्यायचंही नव्हतं. पण मी अडखळलो की विळी थांबायची.

"थांबले काऊन?"

"ते... तिल्ली मोठी असण्याची कारणं आठवतोय."

"आठवत नसंल तर आठवत नाही म्हणा, अन् पुढं चाला. वर्गात मास्तरीण थांबली की पोरं समजून जातात, हिले येत नाही म्हणून."

मग विळी पुन्हा चालायची आणि मीही.

सहा महिने असे गेले म्हणून भीती गेली, असं लिहिलं असतं तर हे प्रकरण छान झालं असतं. भीती तशीच होती. परीक्षेच्या सकाळी मी एक घास गिळू शकलो नाही. कॉलेजच्या जिन्यात माझे पाय मला विचारून चालत होते.

माझ्या वाट्याला चार वर्षांचा मुलगा आला. काटकुळे हातपाय, वर आलेलं पोट, डोळ्यांत पिवळी झाक. आई खाटेच्या कडेला अंग चोरून बसलेली. मी म्हणालो, "बाई, काय तरास हाये बाबूले?"

तिनं चमकून वर पाहिलं. "तुम्ही आपल्याकडचे का जी?"

"हव. अर्जुनीकडचा."

"आमी इटियाडोह धरणाच्या कालव्यापाशी राहतो जी." आणि ती बोलायला लागली. हातपाय ठणकतेत जी, रात रात रडते. डोरे पिवरे होतेत. दोनदा रक्त चढवलं. याची मोठी बहीण अशीच गेली. मी ऐकत होतो आणि आजार माझ्या समोर आपोआप उभा राहत होता. आमच्या भागातला, घराघरांतून उतरत आलेला रक्ताचा आजार, सिकलसेल. एवढं जुळल्यावर हायसं वाटायला हवं होतं. पण मुलगा माझ्याकडं बघत नव्हता. भिंतीकडं तोंड करून बसला होता, आणि मी नुसता हलकासा पुढं सरकलो तर त्याचा ओठ थरथरला.

मी खाली फरशीवर बसलो. पाठ अर्धी वळवली. ठोकळे काढले.

शेजारच्या खाटांपाशी परीक्षार्थी टेप लावत होते, टॉर्च मारत होते, कागदावर भराभर लिहीत होते. मी मनोरा रचत होतो. देखरेखीला असलेला तरुण डॉक्टर दोनदा येऊन बघून गेला. दुसऱ्यांदा त्याच्या चेहऱ्यावर कीव होती. वेळ चालला होता. घामानं शर्ट पाठीला चिकटला. उठावं, धरावं, उरकावं, निदान पोटाचा अंदाज तरी घ्यावा, असं सारखं वाटत होतं. हातांना आवरायला मी ते मांड्यांखाली दाबून बसलो. मुलगा तिकडं भिंतीकडंच. हा येणारच नाही, हे मला जवळजवळ कळून चुकलं.

मग खाटेवरून एक पाय खाली आला. मुलानं माझा मनोरा लाथेनं पाडला आणि खुदकन हसला.

पुढचं सगळं मी आईच्या मांडीवरच उरकलं. मांड्यांखाली दाबून हात चांगले ऊबदार झाले होते. हृदय ऐकलं, यकृत लागलं, तिल्ली लागली, बोटांनी मोजून ठेवली. शेवटी मी आ केला, तर त्यानंही केला.

परीक्षक आले. एक वयस्कर, जाड चष्म्याचे. दुसरे तरुण, एक शब्द न बोलणारे. मी इंग्रजीत मांडायला लागलो, न थांबता. वयस्कर सर म्हणाले, "तिल्ली एवढी? बघू," आणि वाकून त्यांनी आपला हात मुलाच्या पोटावर ठेवला.

मुलगा दचकला आणि किंचाळला.

माझ्या कानात गेल्या खेपेचा टाहो एकदम भरला. हा आता रडणार, हे काही तपासू शकणार नाहीत, माझं म्हणणं खोटं ठरणार. आणि माझ्या तोंडून, इंग्रजी बिंग्रजी सगळं सोडून, व्हरांड्यातलं निघालं, "सर, हात जरा चोळून घ्या. अन् आधी आईशी बोला."

तरुण परीक्षकांनी खाली पाहिलं. सरांनी चष्म्यावरून माझ्याकडं पाहिलं, आणि त्या क्षणी जमिनीनं मला गिळलं असतं तर मी तिला मदत केली असती.

त्यांनी हात चोळले. चांगले खसाखसा चोळले. आईला विचारलं, "गाव कोणतं बाई?" मग मुलाच्या पोटाला हात लावला. मुलगा मुसमुसत गप्प राहिला. त्यानंतर त्यांनी मला एवढं खोदून विचारलं की निम्म्याच्या पुढं मला प्रश्नच कळेनात. एका प्रश्नाला मी खणखणीत आवाजात म्हणालो, "माहीत नाही, सर." ते "ठीक" म्हणून पुढच्या खाटेकडं गेले.

निकालापर्यंतचे दिवस मी माणसांत नव्हतो. परीक्षकाला हात चोळायला सांगणारा मी एकटाच असणार, आणि पुन्हा नापास होणाराही. घरी येऊन बायकोला सांगितलं. तिनं ऐकून घेतलं, वाटीत वरण वाढलं आणि म्हणाली, "जेवा." त्यानंतर रोज तेच. शाळा, मुलगी, भाकरी, धुणं. माझ्याकडं बघून तिला काही वाटतंय की नाही, तेही कळायचं नाही. तिच्या त्या निवांतपणाचा मला रागही यायचा.

निकालाच्या दिवशी हायवेवरच्या एसटीडी बूथमधून फोन केला. कॉलेजातल्या ओळखीच्या माणसानं सांगितलं, पास. मी त्याला पुन्हा वाचायला लावलं. त्यानं पुन्हा वाचलं. मी आणखी एकदा म्हणालो, तर त्यानं फोन ठेवला.

घरी आलो तर बायको दारात तांदूळ निवडत होती. मी म्हणालो, "झालो."

तिनं सूप खाली ठेवलं. पदर तोंडाला लावला आणि रडायला लागली. हुंदके देऊन, खांदे हलवून. तांदूळ सांडले तरी तिला भान नाही. एवढ्या वर्षांत मी तिला असं पाहिलं नव्हतं. मुलगी घाबरून माझ्या पायाला येऊन चिकटली.

"अगं, पास झालो म्हणतो. तू काऊन रडून राहिली? तू तर एक दिवस भ्याली नाहीस."

तिनं नाक पुसलं, डोळे पुसले, सांडलेले तांदूळ सुपात ओढले.

"मी भेत नव्हती का जी?" ती म्हणाली. "पण घरात भ्यायला एकच जागा होती. तिथं तुम्ही बसून राहिले होते."