तिखट दोर

अक्षय्य तृतीयेला, म्हणजे आमच्या आखाजीला, गल्लीतला झोका मिरची बाजारातले एक हमाल चाचा बांधतात. दोर त्यांचा पोती बांधायचाच, भिजवून वाळवलेला. तरी मिरचीचा वास जात नाही. माहेरी आलेल्या लेकी गाणी म्हणता म्हणता शिंकतात. पहिली शिंक आली की गल्ली म्हणते, "उनी आखाजी." आली आखाजी.

चाचा माणसांशी कमी आणि गाठीशी जास्त बोलतात. "धरी ऱ्हाय माय, धरी ऱ्हाय." मग दोन पोत्यांच्या वजनाचे चाचा आधी स्वतः झोक्यावर बसतात. बायका हसल्या की म्हणतात, "मी पडनू ते हसज्यात. पोर पडनी ते काय करशात?"

यंदा रस्ता रुंद करताना आमचा झोक्याचा कडुनिंब गेला. लग्नानंतर माझ्या मुलीची ही पहिली आखाजी. फोनवर तिने फक्त झोक्याचं विचारलं आणि मी "बांधू" म्हणून बसलो.

चाचा आले. निंबाच्या रिकाम्या जागेकडे बघत राहिले. "माले कोनी इचारं बी नही, भाऊ," एवढंच बोलले. मग ओट्यावरच्या लोखंडी तुळईला पोत्याचे तुकडे गुंडाळून त्यांनी दोर टाकला आणि बसून पाहिला. या वेळी कोणी हसलं नाही.

दुपारी मुलगी आली. खांद्यावरची बॅगही न उतरवता झोक्यावर बसली. एक हेलकावा घेतला आणि जोरात शिंकली.

"उनी," चाचा म्हणाले.