वरच्या खोलीतलं जाळं

रहाटणीत आता साऱ्या मुलखाची माणसं राहायला आली, पण माझ्या वरच्या खोलीतल्या भाडेकरूसारखा माणूस देवाने दुसरा घडवलेला नाही. घडवला असेल तर समोर आणा, मी टोपी उतरवीन. लातूरकडचा, हाडकुळा, वाकडला कॉम्प्युटरच्या कंपनीत. आल्या आल्या त्याने माझ्या नव्या रंगाच्या भिंतीत खिळे ठोकले आणि त्यांना दोरे ताणून कोळ्याला लाजवील असं जाळं विणलं. शेजारच्या बायकांनी करणी समजून दाराला लिंबू-मिरची बांधली. याने लिंबू सोडवून वरणात पिळलं. "तात्या, रसाळ निघालं!" पण खरं सांगतो, वारा नसतानाही ते दोरे श्वास घेतल्यासारखे हलत.

मी चौथी नापास, पण न विचारता गप्प बसणाऱ्यातला नव्हे. "हे काय सोंग हाय, राव?" त्याने माझं बोट एका निळ्या खिळ्यावर ठेवलं.

"लांब लांब ठेवलेली यंत्रं आहेत, तात्या. निरोप धाडून त्यांनी एकमत करायचंय. एकेक खिळा, एकेक गाठ म्हणजे एकेक शक्यता. इथं सगळी 'हो' म्हणाली, त्या लाल खिळ्यावर सगळी 'नाही'. चला दोऱ्यावरून. बोट कुठं उचलावं लागलं?"

"न्हाई."

"मधल्या प्रत्येक गाठीवर एखादं यंत्र असं असतं, की त्याला अलीकडचं-पलीकडचं सारखंच दिसतं. ते दोन्हीकडे एकच उत्तर देणार. मग 'हो'चं 'नाही' व्हायचं कुठं? जाळं मध्ये कुठं तुटलं असतं, तर एकमत जमलं असतं."

"मग तुटत का न्हाई?"

"गप्प झालेलं यंत्र मेलं की हळू चाललंय, ते बाकीच्यांना कळत नाही. त्याच्यासाठी थांबून राहता येत नाही, त्याला वगळताही येत नाही."

रविवारी दुपारी तो आमच्याकडे जेवे आणि शेजारी दुसरं ताट वाढून झाकून ठेवी. त्याच्या थोरल्या भावाचं. तो चाकणला कामाला गेला, तो परतलाच नाही. घरच्यांनी तो मेला असं धरून, दर्भाचा पुतळा करून क्रिया उरकायचं ठरवलेलं. अडलं होतं याच्या होकारावर. जेवताना आईचा फोन येई. हा म्हणे, "आई, मेलाय की उशीर होतोय, हे बाहेरून कळत नाही."

एकदा आमची जेवणं उरकली, भात गार झाला. बायकोने झाकण उचललं. त्या ताटातला भात वाफाळत होता.

"अवो, हे काय?"

"पितळेच्या ताटाची करामत," मी म्हणालो. पण त्या दिवशी ते ताट कुणी हलवलं नाही.

मग आईने क्रियेचा दिवस धरला. त्याआधी भावाला शोधून आणतो, म्हणून हा एका सकाळी चाकणला गेला. अजून आलेला नाही. फोन वाजतो, उचलत नाही. बायको म्हणते, "खोली देऊन टाका दुसऱ्याला." मी म्हणतो, "उशीर झालाय त्याला." त्याची आई मला फोन करते, "भाऊ, आता काय करू?" मी काय सांगणार! "थांबा," म्हणतो.

आता रविवारी दोन ताटं झाकतो आणि वर जातो. परवा निळ्या खिळ्यापासून बोट फिरवत लालपाशी आलो, तर दोरा पलीकडून हलकेच ओढल्यासारखा झाला. खाली बायको हाका मारत होती. मी बोट उचललं नाही.