आलेखासाठी अमरावतीच्या फेऱ्या

घरात कापूस पडून होता, भाव घसरत होता. कधी विकावा हे बाबांना दाखवायला मी अचलपूरच्या घरी कॉम्प्युटरवर भावाचा आलेख काढणारं पायथन भाषेतलं मॉड्यूल, म्हणजे एक छोटा प्रोग्राम, बसवायला घेतलं. ते म्हणे, आधी चित्रं काढणारी लायब्ररी, म्हणजे आणखी एक प्रोग्राम, आण! घरी इंटरनेट नव्हतं. एसटीनं अमरावतीला जाऊन कॅफेतून सीडीवर आणली. तर त्या भवानीला अक्षरांची दुसरी लायब्ररी हवी. पुन्हा एसटी. तीही आणली, तर म्हणे ही नको, जुनी आवृत्ती पाहिजे! कंडक्टरही विचारू लागला, "आज काय राहिलं, भाऊ?" डोकं फिरलं, पण शेवटी आलेख निघाला.

बाबांनी तो नीट पाहिला. "एवढ्या वेळा अमरावतीले गेला, तं एखाद्या वेळी मार्केटात भावच इचारून आला असता!"