भोईर सिस्टर आधी पाय बघायच्या

भोईर सिस्टर कुठल्याही वृद्धाश्रमात शिरल्या की ऑफिसात बसायच्याच नाहीत. मॅनेजर "या ना मॅडम, चहा घेऊ" म्हणेपर्यंत बाई चपला काढून, पदर खोचून पहिल्या पलंगापाशी पोचलेल्या असायच्या. तिथे जी कोण आजी असेल तिच्या पायावरची चादर सरकवायची आणि नखं बघायची. पायाची नखं! मग टाच उचलून तळहातावर घ्यायच्या, अगदी अंडं उचलल्यासारखी. पहिल्या दिवशी मला कळेचना हे काय चाललंय. माझ्या हातात पाच पानांचा फॉर्म, आणि त्यात पायाच्या नखांचा रकानाच नाही.

"रजिस्टर कोनी पन भरंल बाय," त्या म्हणाल्या. "एका बैठकीत म्हैन्याचं भरतान. नखं एका बैठकीत वाढत नाय. आनि टाच लाल दिसली ना, समज, दोन दिस हिची कूस कोनी बदलली नाय."

मी तेव्हा चोवीसची. सोशल वर्कची डिग्री एकदम ताजी, आणि मी जगाला सुधारायला निघालेली. आमच्या टीमचं काम एकच, नवी मुंबई-पनवेल पट्ट्यातले वृद्धाश्रम न सांगता जाऊन तपासायचे आणि रिपोर्ट वर पाठवायचा. सिस्टर टीमच्या हेड. सरकारी दवाखान्यात उभा जन्म नर्सगिरी करून रिटायर झालेल्या, खाडीकाठच्या गावातल्या, आगरी. रिक्षा एखाद्या चकाचक टॉवरवरून गेली की सहज म्हणायच्या, "याच्या खाली आमचं मिठागर हाय." बस, एवढंच, पुढे काही नाही. आता त्या नाहीत. दिवाळीच्या आधी गेल्या, स्वतःच्या घरात, पोरासुनांसमोर. त्यांच्यावर लिहायचं ठरवलं तेव्हापासून मी बाकी सगळं भराभर टाइप करतेय, फक्त एक दिवस टाळतेय. आणि खरं तर तोच लिहायला हवाय.

पण आधी थोडं हसून घेऊ, कारण सिस्टरसोबत हसायला खूप यायचं. नेरूळच्या एका आश्रमाचा मालक आम्हाला नवीन टाइल्स दाखवत होता. सिस्टर बाथरूममध्ये गेल्या, कमोडवर झाकण टाकून साडीसकट बसल्या आणि डोळे मिटून उठायला गेल्या. हाताला धरायला काहीच लागेना. बाहेर येऊन मालकाला म्हणाल्या, "तुमी बसा."

"मी?"

"हां. डोले मिटा. गुडघे दुखतान असं समजा. आता हात न टेकता उठा."

तो धष्टपुष्ट माणूस, दोनदा परत बसला हो! तिसऱ्यांदा टॉवेलचा हुक धरला, तर हुकच उपटून हातात आला. "ब्याऐंशी वर्साची म्हातारी काय धरनार, तुमची टाइल?" सिस्टर म्हणाल्या. आठ दिवसांत दांडा बसला.

दुसरा त्यांचा प्रकार म्हणजे आग. मागच्या दाराच्या ग्रिलला कुलूप दिसलं की मधेच मोठ्याने ओरडायच्या, "आग लागली! चावी आना!" आणि घड्याळाकडे बघत उभ्या. मग धावपळ. चावी ड्रॉवरमध्ये नाही, चावी मावशींकडे, मावशी बाजारात. सिस्टर शांतपणे म्हणायच्या, "मेल्या सगल्या. लिव बाय, पाच मिन्टं."

आता तो दिवस.

खांदेश्वरच्या बाजूला दोन जोडलेल्या रो-हाउसमध्ये बायकांचा एक आश्रम होता, बारा पलंगांचा. तिथून तक्रार आली होती, म्हणून दुसऱ्या दिवशी अचानक जायचं ठरलं. आदल्या संध्याकाळी मी उत्साहात सगळी तयारी करत होते. फॉर्म, फोल्डर, लोकेशन. मॅपवर त्या नावाच्या दोन जागा दिसल्या. मग मी काय केलं? सरळ आश्रमाला फोन लावला. "हॅलो, उद्या आम्ही तपासणीला येतोय ना, तर तुमचा लँडमार्क काय सांगाल?" पलीकडची बाई इतकं गोड बोलली, देवळापासून डावीकडे वगैरे. मी थँक्यूसुद्धा म्हटलं. मला त्यात काही चुकलंय असं वाटलंच नाही. रिक्षावाल्याला पत्ता नीट सांगता यावा, एवढंच डोक्यात.

मे महिना. आम्ही बाराच्या सुमाराला पोचलो. फिनाइलचा वास, दारात रांगोळी, चादरी कोऱ्या, पाकिटातल्या घड्यासुद्धा मोडल्या नव्हत्या. मला तर वाटलं, वा, तक्रार खोटीच दिसतेय. सिस्टर पहिल्या पलंगाशी बसल्या, मग दुसऱ्या, मग तिसऱ्या. सगळ्यांची नखं कापलेली. एका आजीच्या अंगठ्यातून रक्त येत होतं, ताजं.

"सगली आज सकालीच कापल्यात," सिस्टर माझ्याकडे न बघता म्हणाल्या. "यांना कोनी सांगितलं आपन येतोय ते?"

संध्याकाळचा फोन शब्दन्‌शब्द आठवला. आणि मी गप्प बसले. हो, गप्प बसले.

खिडकीजवळचा बारावा पलंग रिकामा होता. मॅनेजर म्हणाला, "सावंत आजींचा तो. मुलाकडे गेल्यात मॅडम, बंगलोरला. काल रात्रीच्या गाडीने."

सिस्टरनी चादर उचलून गादीला हात लावला. गादी ओली. उशाशी स्टूल होतं, त्यावर चष्मा, आणि एका वाटीत पाण्यात कवळी.

"दात ठेवून कोन मुलाकडं जातं?" सिस्टरनी विचारलं.

शेजारच्या पलंगावरच्या आजी छताकडे बघत राहिल्या. सिस्टरनी त्यांच्या डोळ्यांकडे बघितलं, मग छताकडे, आणि जिन्याकडे निघाल्या. त्यांचे गुडघे इतके वाईट होते की एक मजला चढायला त्यांना दोनदा थांबावं लागायचं. त्या दिवशी थांबल्या नाहीत.

गच्चीवर पत्र्याची शेड होती, कपडे वाळत घालायची. बाहेरून कडी. आत जमिनीवर, एका चटईवर सावंत आजी. आत गेल्या गेल्या माझं तोंड भाजल्यासारखं झालं. पाठीला जखमा होत्या, जुन्या, त्यांचं वर्णन मी करणार नाही. हेच लपवायला त्यांना सकाळी आठला वर नेलं होतं. आम्ही लवकर येऊन जाऊ असं आश्रमवाल्यांना वाटलं होतं, आणि आम्ही आलो बाराला.

सिस्टर खाली बसल्या, आजींचं डोकं मांडीवर घेतलं, स्वतःचा पदर ओला करून ओठांवर धरला. "आये, डोले उघड. बग, मी आलू." मला म्हणाल्या, "अॅम्ब्युलन्स. मंग पोलीस. रडू नको, फोन कर."

अॅम्ब्युलन्समध्ये मी सांगितलं. सगळं. लँडमार्कसुद्धा. मला वाटलं आता त्या ओरडतील, खरं तर ओरडल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्यांनी फक्त विचारलं, "किती वाजता केलास फोन?"

"साडेसहा."

"म्हंजे पुरी रात गावली त्यांना," त्या म्हणाल्या, आणि पुन्हा आजींच्या तोंडावरून ओला पदर फिरवायला लागल्या.

आजी तिसऱ्या दिवशी सकाळी गेल्या. डॉक्टर म्हणाले, जखमांचं विष अंगात पसरलं होतंच, त्यात उन्हाने पाणी संपलं. गच्चीवर नेलं नसतं तर वाचल्या असत्या का, हे मी विचारलं. डॉक्टर म्हणाले, कदाचित. हा 'कदाचित' मी अजून पुसू शकलेले नाही.

मुलगा बंगलोरहून निघाला होता, विमानतळावरून त्याचा फोन आला. सिस्टरनी आई गेल्याचं त्याला सांगितलं. मग फोन माझ्या हातात दिला. "तो इचारतोय कसं झालं. तू सांग."

"सिस्टर, मी नाही..."

"तुलाच ठाव हाय. सांग."

मी सांगितलं. अडखळत, चुकत, पण सांगितलं, माझ्या फोनसकट. पलीकडे विमानतळावरची घोषणा चालू होती. त्याने शिव्या दिल्या नाहीत. मग म्हणाला, "शेवटी माझं नाव घेतलं का तिने?"

माझ्या ओठावर 'हो' आला होता, शप्पथ. सिस्टरनी फोन काढून घेतला.

"नाय रं बाला. नाव नाय घेतलं. पानी मागत व्हती. आमी पाजलं."

फोन बंद झाल्यावर मी भांडलेच. एवढं एक खोटं बोललं असतं तर काय बिघडलं असतं, त्याची आई गेलीय, तुम्हाला काही वाटत नाही का! सिस्टर भिंतीला टेकून उभ्या होत्या. पहिल्यांदा मला त्या म्हाताऱ्या दिसल्या.

"वाटतं बाय. पन उद्या कोर्टात हीच मी सांगनार, का पत्रा तापला व्हता, कडी भायेरून व्हती. त्या पोरानं मना एकदा खोटं बोलताना पकडलं, मंग ते पन त्याला खोटंच वाटंल." मग चपलेत पाय सरकवत म्हणाल्या, "चल. अकरा जनी अजून तिथंच हाईत."

रिक्षात त्यांनी त्या दिवसाचा फॉर्म मागितला. पहिल्याच पानावर ओळ होती, 'भेट पूर्वसूचना न देता', आणि पुढे मी 'होय' वर टिक केलेली, ऑफिसातूनच, निघायच्या आधी. त्यांनी बोट ठेवलं. मी टिक खोडली. फोनची वेळ लिहिली, खाली माझं नाव लिहिलं. रिक्षाच्या धक्क्यांनी अक्षर घाणेरडं आलं.

त्याच ओळीवर बोट ठेवून आश्रमाचा वकील पुढे बोलला. तपासणीच सदोष, म्हणाला. आश्रम बंद झाला, अकरा जणी दुसरीकडे गेल्या, पण टीमची हेड जबाबदार म्हणून सिस्टरना घरी बसवलं. मी ज्युनियर, मला समज देऊन कामावर ठेवलं. रिक्षात मला यातलं काहीच माहीत नव्हतं. त्यांना सगळं माहीत होतं, कारण माझं लिहून झाल्यावर त्यांनी पेन मागून घेतलं, माझ्या नावाच्या खाली 'टीमप्रमुख' लिहिलं आणि सही केली.