चारातलं एक

दर तिसऱ्या आठवड्याला म्हातारा नातीला रक्त चढवायला इस्पितळात घेऊन येई. सगळे त्याला फोरमन म्हणत. फोरमन तो कधीच नव्हता. अडतीस वर्षं ओतकामाच्या कारखान्यात वाळूचे साचे ठोकले आणि दुसऱ्यानं ठोकलेल्या साच्याला नाक मुरडलं, म्हणून सोबत्यांनी चेष्टेनं ठेवलेलं नाव.

रांगेत दीड तास, मग खाट, मग सुई, मग चार तास बसणं. भट्टीपुढे उभं राहून तो कधी एवढा थकला नव्हता. नात सहा वर्षांची. हल्ली ती सुईला रडत नसे. ते न रडणं त्याला जास्त जड जाई.

"आजोबा, पाठ टेका की. तुम्हीच पेशंट दिसताय."

"गप. हात हलवू नकोस."

पोरीचं अंग स्वतः धड रक्त बनवत नव्हतं. दुखणं कळलं तेव्हा त्यानं आधी व्याह्यांच्या घराकडे बोट दाखवलं. मग सगळ्यांची तपासणी झाली. अर्धा दोष जावयाकडचा निघाला, अर्धा लेकीकडचा, आणि लेकीला तो दिला होता यानंच. त्या दिवसापासून बोट दाखवणं बंद झालं. सल्ले देणं मात्र चालू राहिलं.

आता लेकीला पुन्हा दिवस गेले होते. तिसरा महिना. पोटात सुई घालून बाळाची तपासणी करू, असं डॉक्टरांनी सांगितलं, तशी ती घाबरली.

"बाबा, काय करू?"

"डॉक्टर चारातलं एक म्हणाले ना? ते एक होऊन गेलं. पुढची तीन बिनघोर. कशाला टोचून घेतेस?"

तिला नेमकं हेच ऐकायचं होतं. दिलेल्या तारखेला ती गेलीच नाही.

दुपारी सिस्टर पिशवी बदलायला आली. "ताईंची तपासणी झाली ना? आता आठवडाच हातात आहे."

फोरमननं तिला आपला हिशोब ऐकवला. जरा ऐटीतच.

सिस्टरनं पिशवी लावली आणि खाटेच्या कडेला टेकली. इतक्या वर्षांत तिला बसलेली त्यानं पाहिली नव्हती.

"आजोबा, रक्त कसं बनवायचं, ते प्रत्येकाच्या अंगात दोनदा लिहिलेलं असतं. एक आईकडून आलेलं, एक वडलांकडून. ताईंचं एक बरोबर, एक चुकलेलं. त्यांच्या नवऱ्याचंही तसंच. एक बरोबर असलं की माणसाचं भागतं. तुमचं नाही का भागलं?"

"भागलं."

"बाळाला दोघांकडून एकेकच मिळतं. कुठलं, ते कुणाच्या हातात नसतं. दोन्ही चुकलेली आली, की हे." तिनं नळीकडे पाहिलं. "आधीच्या लेकराला काय मिळालं, ते पुढच्याला कोण सांगणार? दर खेपेला चारातलं एक. पुन्हा पहिल्यापासून."

फोरमनला आणखी समजावायची गरजच नव्हती. ओतलेला माल काढला की साचा मोडायचा, वाळू पुन्हा ठोकायची. सकाळचा नग बाद झाला म्हणून संध्याकाळचा चांगला निघेल, असं कुणी म्हटलं असतं, तर त्यानं त्याला तिथंच फैलावर घेतलं असतं. आणि पोटच्या पोरीला त्यानं नेमकं तेच सांगितलं होतं. ओतकामातलं अक्षरही न कळणाऱ्या पोरीला.

त्यानं खिशातून फोन काढला.

"काय झालं? बरी आहे ना ती?" लेक घाबरून म्हणाली.

"ती बरी आहे. मी चुकलो. ते तीन बिनघोर वगैरे काही नसतं. या बाळालाही तेवढाच धोका आहे. तपासणी करून घे."

पलीकडून ती म्हणाली, "तुम्हीच तर म्हणालात, बाबा. किती ठामपणे म्हणालात."

"हो."

"आणि तसंच निघालं तर? मग काय करायचं?"

ठामपणे बोलायची आता त्याला भीती वाटत होती.

"माहीत नाही. मी बरोबर येईन."

ती नाक ओढत राहिली. मग म्हणाली, "उद्याची वेळ मिळते का बघा. उपाशी यायचं का, तेही विचारा."

"आजोबा, कुठे चाललात?"

"आलोच. हात हलवू नकोस."

गुडघ्यावर हात दाबून तो उठला. तपासणीची वेळ देणाऱ्या खिडकीपुढे अकरा माणसं होती. तो बारावा उभा राहिला.